कपाट भरलंय, तरी राईडला काय घालू?

प्रश्न: मी ४४ वर्षांची, धायरीला राहते, शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत हायब्रिड सायकल घेतली. आठवड्यातून तीन-चार दिवस शाळेत सायकलनेच जाते, सात किलोमीटर. रविवारी ग्रुपबरोबर खडकवासला, पानशेत, कधी सिंहगडाचा पायथा. ग्रुपमधल्या एकेकाने सांगितलं तसं मी घेत गेले आणि आता कपाटाचा एक कप्पा सायकलच्या कपड्यांचा झालाय: पॅडवाल्या दोन शॉर्ट, चार जर्सी, थर्मल, फ्लीसचं जाड जॅकेट, महागडा रेनकोट. ह्यांचं म्हणणं, सायकलीपेक्षा तिचे कपडेच महाग पडले. एवढं असून जानेवारीत बोटं बधिर, मेमध्ये मांड्यांना काच आणि पुरळ, जुलैत रेनकोटच्या आतून चिंब. बारा महिने पुरतील असे कमीत कमी कपडे कोणते? भाच्याने इंग्लंडहून एक यादी पाठवली, ती वाचून घाबरले. ती अंगाला चिकटणारी चड्डी घालून सोसायटीतून जाताना लाज वाटते ते वेगळंच. आणि डिसेंबरमध्ये ग्रुप ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघालाय, माणगावला एक मुक्काम आहे. एका लहान बॅगेत काय भरू?
– एक शिक्षिका, धायरी

उत्तर:

ताई, भाच्याची यादी आधी बाजूला ठेवा. यादी चुकीची नाही, तिकडच्या हवेची आहे. तिथे हिवाळ्यात भर दुपारीसुद्धा बऱ्याचदा सात-आठ डिग्रीच आणि वरून भुरभुर पाऊस असतो, म्हणून बुटांवर चढवायच्या खोळीपर्यंत सगळं लागतं. आपल्याकडची थंडी पहाटेची, दोन-अडीच तासांची. जानेवारीत तुम्ही सहाला निघता तेव्हा धरणाच्या बाजूला दहा-अकरा डिग्री असतात, कधी त्याहून कमी. पुण्याच्या तापमानाच्या बातमीत सगळ्यात खालचा आकडा बहुधा हवेली नाहीतर खडकवासल्याजवळच्या एनडीएचा असतो, तो तुमचाच रस्ता. आणि साडेदहाला पानशेतहून परतताना त्याच रस्त्यावर पंचवीस डिग्री. म्हणजे एकाच राईडमध्ये दोन ऋतू होतात. हिवाळ्याचा म्हणून जाड संच अंगावर चढवला, की अर्ध्या वाटेत तो काढून ठेवायचा कुठे हा प्रश्न येतोच.

म्हणून माझं सांगणं असं: बाराही महिने अंगावर एकच संच ठेवायचा, आणि वरून चढवता-उतरवता येतील असे तीन-चार लहान तुकडे जर्सीच्या पाठीवरच्या खिशात. पेडल मारताना आपण जी शक्ती खर्च करतो तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो, बाकी सगळ्याची उष्णता होते. त्यामुळे घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. गेटपाशीच छान उबदार वाटत असेल, तर किरकटवाडी येईस्तोवर पाठ घामाने भिजणार आणि पुढे तोच घाम थंडी वाजवणार. तुमचं थर्मल आणि फ्लीस नेमकं हेच करतं. ही दोन्ही महाबळेश्वरला फिरायला जाल तेव्हा वापरा, सायकलवर नकोत.

आता मुख्य कपड्याकडे येऊ, म्हणजे चड्डीकडे. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा, बाकी सगळीकडे हात आखडला तरी चालेल. तुमच्याकडे दोन आहेत, पण काच पडतोय म्हणता. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, तरी विचारते: आत निकर घालता का? नव्याने सायकल घेतलेल्या बहुतेकजणी घालतात, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही, ग्रुपमधल्या पुरुषांना सांगायचा संकोच वाटतो. पॅडच्या शॉर्टच्या आत काहीही घालायचं नसतं. पॅड कातडीला थेट टेकावा अशीच त्याची शिवण बसवलेली असते. मध्ये सुती निकर आली, की ती घामाने ओली होते, तिची शिवण मांडीच्या सांध्यात येते आणि दोन तास तिथेच घासत राहते. मेमधला तुमचा निम्मा त्रास एवढ्याने जाईल.

उरलेला निम्मा बहुधा नाश्त्यात आहे. राईड संपली की खडकवासल्याला भजी, चहा, गप्पा. तासभर आपण त्याच ओल्या चड्डीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असतो. घाम, ऊब आणि कोंडलेली हवा, पुरळ यायला आणखी काय लागतं? लांब थांबायचं असेल तर पिशवीत एक सैल पायजमा ठेवा आणि बदला. तशी सोय नसेल तर भजी उभ्याने खा. लांबच्या राईडला निघण्याआधी जांघेत आणि जिथे शिवण लागते तिथे बोटभर व्हॅसलीन लावलं तरी फरक पडतो. पाळीच्या दिवसांत पॅडवर पॅड हमखास काचतो. जमत असेल तर त्या दिवसांत कप किंवा टॅम्पॉन बरा.

शॉर्ट बायकांसाठीच बनवलेली हवी. बैठकीची दोन हाडं बायकांमध्ये बहुधा जास्त रुंद अंतरावर असतात, म्हणून पॅडचा आकारही वेगळा असतो. पुरुषांची शॉर्ट ‘मापात बसते ना’ म्हणून घेतली असेल, तर ती शाळेच्या सात किलोमीटरला वापरा, पानशेतला नको. पॅड बोटाने दाबून बघा. नुसता फुगीर आणि मऊ पॅड दुकानात छान वाटतो, पण तासाभरात दबून चपटा होतो. थोडा टणक, जिथे हाडं टेकतात तिथे जाड आणि कडेला पातळ होत गेलेला असा हवा. हजार ते तीन हजारांच्या दरम्यान बऱ्यापैकी मिळतात.

ग्रुपमधलं कोणीतरी लवकरच सांगेल की खांद्यावर पट्टे असलेली बिब घ्या. बिब उत्तम असते, कमरेला इलॅस्टिक रुतत नाही आणि कपडा सरकत नाही. पण ताम्हिणीच्या रस्त्यावर बाईमाणसाला आडोसा शोधायचा, आणि मग जर्सी उतरवून पट्टे खाली घ्यायचे, हा उद्योग एकदा डोळ्यांसमोर आणा. मागून उघडणाऱ्या बायकांच्या बिब मिळतात, त्या महाग आहेत. तुम्हाला कमरेचीच बरी, फक्त पट्टा रुंद असलेली घ्या.

लाजेचं म्हणाल, तर मी ‘लाज कसली’ वगैरे म्हणणार नाही. ज्या सोसायटीत तुमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप राहतात, तिथल्या लिफ्टमध्ये लायक्रा घालून उभं राहणं सगळ्यांना जमतं असं नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. पॅडच्या शॉर्टवरून एक पातळ, सैल, गुडघ्यापर्यंतची काळी पँट चढवा. पेडलला अडथळा येत नाही आणि मोबाइलला खिसाही मिळतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: दोनपैकी एक शॉर्ट झिजली, की तिच्या जागी घोट्यापर्यंतची पॅडवाली टाइट घ्या. आपल्याकडच्या कितीतरी जणी बारा महिने तीच वापरतात. पहाटेच्या थंडीला उपयोगी, उन्हात पाय रापत नाहीत आणि वरून लांबसा टी-शर्ट घातला की नेहमीच्या लेगिंगसारखीच दिसते. मेच्या दुपारी गरम होईल, पण मेच्या दुपारी सायकल चालवायचीच कशाला?

सैल कपड्यांबद्दल मात्र एक सक्त सूचना. ओढणी नको, स्कार्फचं लोंबणारं टोक नको, उजव्या पायाशी, म्हणजे चेनच्या बाजूला, घेर नको. ओढणी मागच्या चाकात गेली की मान मागे खेचली जाते. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा पुरुषमंडळी पायजम्याला घोट्यापाशी स्टीलची क्लिप लावत. शाळेत सलवार घालूनच जायचं असेल तर तशी क्लिप शोधा, किंवा सरळ सलवारीचा पाय मोज्यात खोचा.

वरच्या कपड्याला एवढा विचार लागत नाही. चार जर्सी आहेत, दोन पुरेत. त्यातली पूर्ण चेनची असेल ती पहिली ठेवा, चढावर छातीपर्यंत उघडता येते. दुसरी भडक रंगाची ठेवा. सुती टी-शर्ट घाम पितो आणि धरून ठेवतो, म्हणून पॉलिस्टर. शाळेच्या सात किलोमीटरला मात्र सुती घातला तरी काही बिघडत नाही, तिथे गेल्यावर बदलायचाच आहे. आतली स्पोर्ट्‌स ब्रा हा पॅडच्या शॉर्टनंतरचा दुसरा महत्त्वाचा कपडा. खांद्यावर आणि छातीखाली शिवण जाड असेल तर दोन तासांत वळ उठतात. दोन चांगल्या घ्या, त्यात काटकसर नको.

आता खिशातले तुकडे. पहिला, हातांच्या बाह्या, म्हणजे ज्यांना सगळे स्लीव्हज म्हणतात त्या. दोन-चारशे रुपयांत मिळतात आणि तीनही ऋतूंत कामाला येतात. पहाटे ऊब देतात, दहा वाजता ऊन अडवतात, आणि मेमध्ये बाटलीतलं पाणी त्यांच्यावर शिंपडलं की वाऱ्याने गार पडतात. पांढऱ्या घ्या. सायकलवरच मनगटापर्यंत ढकलता येतात, थांबावंही लागत नाही.

दुसरा, बिनबाह्यांचं पातळ विंडचीटर. पुढून वारा अडवणारं, पाठीला जाळी असलेलं, मुठीत मावेल एवढं. तुमच्या कप्प्यात नेमकं हेच नाही आणि नेमकं हेच हवं होतं. १० डिग्रीत ताशी २५ किलोमीटरचा वारा अंगावर आला की कातडीला ती हवा ७ डिग्रीसारखी लागते, आणि उतारावर वेग चाळिशीला गेला की ६. जाड कपड्यातून वारा आरपार जातो, या पातळ कापडातून जात नाही. तेव्हा छाती झाकली की काम झालं. टूर द फ्रान्समध्ये घाटमाथ्यावर उभे असलेले लोक स्पर्धकांच्या हातात वर्तमानपत्र देत, आणि ते जर्सीच्या आत छातीवर खुपसून मंडळी घाट उतरत. विंडचीटर घरी राहिलं तर चहाच्या टपरीवर कालचा पेपर मागून घ्या, खरंच उपयोग होतो.

तिसरा, बफ. एकच नळीसारखं पातळ कापड, कधी गळ्यात, कधी हेल्मेटच्या आत कानांवर, कधी धूळ आली की नाकावर. कानटोपी नको, तिच्यावर हेल्मेट नीट बसत नाही.

आणि बोटं. अंग तापलं तरी बोटं तापत नाहीत. ती हँडलवर एकाच जागी मुडपलेली असतात आणि समोरचा सगळा वारा त्यांच्यावर. तुम्ही बहुधा अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज बाराही महिने वापरताय. डिसेंबर-जानेवारीपुरते पूर्ण बोटांचे पातळ ग्लोव्हज घ्या. फार जाड नकोत, ब्रेकचा दांडा बोटांना जाणवला पाहिजे. मोठ्या अंगठीने हँडलवर काचत असेल तर ती राईडपुरती काढून ठेवा.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण महाग रेनकोट घेऊनही चिंब कसे झालो याचा तुम्हाला जास्त राग आलेला दिसतो. त्या रेनकोटच्या कापडातून घामाची वाफ बाहेर जाते असं लेबलवर लिहिलेलं असेल आणि ते खोटं नाही. पण वाफ बाहेर जायला आतल्यापेक्षा बाहेरची हवा पुरेशी कोरडी लागते. जुलैत आपली हवाच ओलीगच्च, त्यात तुम्ही चढावर दम खाताय. घाम जाणार कुठे? तो आतल्या बाजूला पाणी होऊन पाठीवरून ओघळतो. दुसरा, आणखी महागडा रेनकोट घेतला तरी जुलैत हेच होईल.

सुदैवाने आपला पाऊस कोमट आहे. बावीस-चोवीस डिग्रीत चालत्या सायकलवर भिजल्याने माणूस गारठत नाही. ओल्या अंगाला वारा लागला की गारठतो, आणि तो अडवायला ते बिनबाह्यांचं विंडचीटर ओल्या जर्सीवरही चालतं. म्हणून पावसात अंगाशी बसलेली जर्सी, वर विंडचीटर, आणि बिनधास्त भिजायचं. रेनकोट स्कूटरच्या डिकीत टाका. पाँचो तर नकोच, वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि घाटात सायकल आडवी ढकलतो.

पावसात कपड्यांपेक्षा मडगार्ड जास्त कामाचं. हायब्रिडला पुढे-मागे पूर्ण लांबीची मडगार्ड बसतात. ती नसतील तर मागच्या चाकाचा चिखल पाठीवर मानेपर्यंत पट्टा काढतो, आणि त्यातली रेती चड्डीत शिरून जे घासते त्यावर व्हॅसलीनचाही इलाज नाही. बुटांऐवजी मागे पट्टा असलेले सँडल घाला, पाणी येतं तसं निघून जातं. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, आणि तासाभराने ते बदला. मोबाइल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. ढगाळ पहाटे अंधारून आलेलं असतं, तेव्हा जाळीचं रिफ्लेक्टरवालं जॅकेट घालाच. त्याबरोबर घोट्याला एक रिफ्लेक्टरची पट्टी बांधा. पाय वर-खाली होतो, त्यामुळे मागच्या गाडीवाल्याला समोर माणूस आहे हे लांबून कळतं.

शाळेच्या दिवसांसाठी वेगळं काही घेऊ नका. स्टाफरूमच्या कपाटात एक सुती ड्रेस, आतले कपडे, पंचा आणि चपला सोमवारी नेऊन ठेवा, शुक्रवारी परत आणा. साडी नेसायचा दिवस असेल तर ती तिथेच घडी करून ठेवा. दहा मिनिटं आधी पोचा, पंख्याखाली बसा, घाम जिरू द्या आणि मग बदला. पोचल्या पोचल्या बदललेला ड्रेस पहिल्या तासालाच ओला होतो.

कमी कपड्यांत भागवायचं म्हणजे धुणं आलंच. पॅडची शॉर्ट एकदा घातली की धुवायची, ‘फार घाम नाही आला’ हे चालत नाही. घरी आल्यावर आंघोळीच्या वेळीच, उलटी करून, साध्या साबणाने. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य टाकू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कपडा घाम खेचेनासा होतो. पिळू नका, पंच्यात गुंडाळून त्यावर गुडघा देऊन दाबा. पंचा ओला होतो आणि पॅडमधलं निम्मं पाणी निघतं. मग सावलीत, पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून वाळवा. जुलैत पॅड दिवसभरात वाळत नाही आणि कुबट वास धरतो, तेव्हा रात्रभर पंख्याखाली टांगा. इस्त्री आजिबात नाही. शॉर्ट बदलायची वेळ आली का, हे बघायला ती ताणून खिडकीसमोर धरा. मागच्या बाजूने खिडकीचे गज दिसले तर मागून येणाऱ्या ग्रुपलाही बरंच काही दिसतंय.

आता दिवेआगर. पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव असा रस्ता आहे, आणि दुसऱ्या दिवशी म्हसळ्यावरून खाली. डिसेंबरमध्ये मुळशीपर्यंत चांगला गारठा असेल आणि घाट उतरून कोकणात शिरलात की दुपारी घामाच्या धारा. म्हणजे तुकड्यांचा हा हिशोब या प्रवासाला नेमका बसतो. अंगावर शॉर्ट, जर्सी, स्लीव्हज, विंडचीटर, बफ, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज. ग्लोव्हज आणि विंडचीटर मुळशीच्या चहाला काढाल, आणि घाटाच्या उताराआधी विंडचीटर परत चढवाल, वर पोचल्यावर अंग ओलं असतानाच. पाच मिनिटं फोटोत घालवून मग चढवलंत तर तोवर हुडहुडी भरलेली असते. बॅगेत दुसरी शॉर्ट, दुसरी जर्सी, एक ब्रा, दोन जोड मोजे, अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज, संध्याकाळी घालायला एक सुती कुर्ता आणि पायजमा, पंचा, व्हॅसलीनची छोटी डबी, साबणाची वडी. बस. माणगावला पोचल्यावर पहिलं काम चड्डी धुवायचं, जेवण नंतर. सकाळी ती ओलसर राहिली तर बॅगेवर बाहेरून अडकवा, म्हसळ्यापर्यंत वाळते. जीन्स नेऊ नका. कोणीतरी नेतंच, आणि ती ओली जीन्स दोन दिवस वाहून आणतं.

तुमच्या ह्यांच्या हिशोबाचं म्हणाल, तर जास्तीच्या दोन जर्सी ग्रुपमधल्या एखाद्या नवशिकीला द्या. खिशातल्या तुकड्यांत नवीन घ्यायचं ते एवढंच: विंडचीटर, स्लीव्हज, बफ आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज. साध्या कंपनीचं घेतलंत तर चारही मिळून तुमच्या त्या रेनकोटपेक्षा कमीच पडेल. यातलं विंडचीटर मापाला घालून बघूनच घ्या: दुकानात सायकलवर बसल्यासारखं पुढे वाका, हात लांब करा. पाठीवर वर चढत असेल किंवा पोटापाशी फुगत असेल तर एक माप बदला. डिसेंबरच्या तोंडावर बायकांची मापं दुकानांत संपलेली असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतच जाऊन या.